खो-खो खेळणारी लेक आता इकडच्या ज्युनिअर हायमध्ये, कुठल्या टीममध्ये घालू?

कृष्णाकाठची

नमस्कार. आम्ही या जानेवारीत सांगलीहून इकडं सिएटलच्या बाजूला आलो. लेक बारा वर्षांची आहे, सप्टेंबरपासून ज्युनिअर हायमध्ये जाईल, म्हणजे सातवी. तिकडं ती शाळेच्या चौदा वर्षाखालच्या खो-खो टीममध्ये होती, तालुका जिंकून जिल्ह्याला गेल्या होत्या पोरी. संरक्षणाला उतरली की साखळी पळत दोन मिनिटं आरामात काढायची, आणि आक्रमणात खांबावर बाद करायची तिला भारी हौस. इकडं आल्यापासून खेळ पार बंद झालाय. आत्ताच्या शाळेत टीम वगैरे काही नव्हती, नुसती पी.ई. आणि रिसेस. संध्याकाळी घरातच असते, फार बोलत नाही, विचारलं की म्हणते माझा खेळच इथं नाही तर मी काय खेळू. ऐकून जीव तुटतो हो.

आता नव्या शाळेची मेल आली, त्यात फॉल, विंटर, स्प्रिंग अशी यादी आहे. क्रॉस कंट्री, व्हॉलीबॉल, सॉकर, बास्केटबॉल, रेसलिंग, ट्रॅक. यातलं खो-खोच्या जवळचं काय? निवड कशी करतात, आणि ट्रायआउटला घेतलं नाही तर पोरीचं मन आणखी मोडेल त्याची भीती वाटते. तिकडं सगळं सरच बघायचे, ऑनलाइन एन्ट्री, जन्मदाखला, बोनाफाईड, मैदानावर नेणं-आणणं, आम्ही फक्त डबा द्यायचो. इकडं नक्की कुणाला विचारायचं तेच कळत नाही. आणि अभ्यासाचं काय, रोज प्रॅक्टिस असते म्हणतात. कुणाची मुलं खेळली असतील तर प्लीज सांगा.

रेनिअरच्या_पायथ्याशी

ताई, माझी दोन्ही मुलं याच भागातल्या शाळांतून गेली त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

इकडे शाळेत वर्षभर एकच खेळ असं नसतं, वर्षाचे तुकडे पाडलेले असतात. फॉल म्हणजे शाळा सुरू झाल्या झाल्या सप्टेंबर ते साधारण ऑक्टोबर अखेर, मग हिवाळ्याचा सीझन, मग मार्च ते मे स्प्रिंग. काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका भागातल्या शाळांच्या कारभारात) हिवाळ्याचे परत दोन भाग करतात कारण जिम एकच आणि मुलांचं बास्केटबॉल, मुलींचं बास्केटबॉल, रेसलिंग, व्हॉलीबॉल सगळ्यांना तीच हवी. एक सीझन संपला की ती टीम संपली, पुढच्या सीझनला मूल दुसऱ्याच खेळात जाऊ शकतं आणि बरीच मुलं जातातच. त्यामुळे आत्ता जो खेळ निवडाल तोच कायमचा असं अजिबात समजू नका, सातवीत तीन खेळ करून बघितलेली मुलं ढिगाने आहेत.

दुसरं, काही टीम ट्रायआउट घेऊन निवडतात आणि काही सगळ्यांना घेतात. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, बऱ्याच ठिकाणी सॉकर यांना जागा मर्यादित त्यामुळे कट होतो, म्हणजे दोन-तीन दिवस ट्रायआउट आणि मग यादी. क्रॉस कंट्री, ट्रॅक आणि बहुतेक शाळांत रेसलिंग हे नो-कट, जो येईल त्याला युनिफॉर्म मिळतो. तुमच्या शाळेत नेमकं काय आहे ते शाळेच्या अॅथलेटिक डायरेक्टरला विचारा, प्रत्येक शाळेत ही जबाबदारी एका माणसाकडे असते, कधी पी.ई. चा शिक्षकच असतो कधी असिस्टंट प्रिन्सिपल. इकडे ‘सर’ म्हणजे हा माणूस.

तुम्ही म्हणता तसं वर्णन असेल तर माझं मत स्पष्ट आहे, फॉलला क्रॉस कंट्री आणि स्प्रिंगला ट्रॅक, म्हणजे मैदानावरच्या शर्यती, रिले आणि उड्या. नो-कट आहे, नवीन देशात आलेल्या मुलीला पहिल्याच महिन्यात चाळीस-पन्नास ओळखीचे चेहरे मिळतात, आणि बॉल हाताळायचं कौशल्य लागत नाही जे इथल्या मुली पाचव्या वर्षापासून शिकत असतात.

क्रॉस कंट्री म्हणजे पार्कात, गवतावर, चढउतारावर पळणं, या वयात साधारण दीड ते दोन मैल. लोकांना वाटतं एकट्याचा खेळ, पण मार्क मोजायची पद्धत कळली की मत बदलतं. शाळेच्या पहिल्या पाच पळणाऱ्यांचे नंबर घेतात आणि बेरीज करतात, जिची बेरीज कमी ती शाळा जिंकली. म्हणजे पहिले पाचही तुमचेच आले तर १+२+३+४+५ = १५, याच्यापेक्षा चांगला स्कोअर असूच शकत नाही. आता गंमत बघा, तुमची एक मुलगी पहिली आली पण पाचवी मुलगी साठावी आली तर टीम हरते. म्हणून कोच सगळ्यात जास्त कुणाकडे लक्ष देतो तर चौथ्या-पाचव्या मुलीकडे. आणि सहावी-सातवी यांचे नंबर बेरजेत येत नाहीत पण त्या समोरच्या शाळेच्या पाचवीच्या आधी आल्या तर तिचा नंबर मागे ढकलला जातो, टाय झाला तर सहावीवर निकाल लागतो. माझी धाकटी कायम सहावी-सातवी असायची आणि एका मीटला, म्हणजे शाळाशाळांच्या शर्यतीला, तिने शेवटच्या उतारावर समोरच्यांची पाचवी गाठली तेव्हा अख्खी टीम तिच्यावर येऊन पडली होती. ते बघितल्यापासून मला हा खेळ इतर कुठल्याही शालेय खेळापेक्षा जास्त आवडतो.

कागदपत्रं: ऑनलाइन रजिस्ट्रेशन, डॉक्टरांकडचं स्पोर्ट्स फिजिकल (खेळायला तब्येत ठीक आहे असा तपासणीचा फॉर्म), डोक्याच्या माराबद्दलचा फॉर्म, आणि आपल्या वॉशिंग्टनमध्ये अचानक हृदय बंद पडण्याबद्दलचा पण एक माहितीचा फॉर्म असतो त्यावर पालक आणि मूल दोघांची सही. फिजिकल नसेल तर पहिल्या दिवशी मैदानात उतरूच देत नाहीत, नियम म्हणजे नियम. ऑगस्टच्या शेवटी सगळे पालक एकदम जागे होतात आणि अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून आत्ता जुलैतच फोन करा. वर्षाची नेहमीची तपासणी राहिली असेल तर त्यातच डॉक्टर हा फॉर्म भरून देतात.

टेक्सासची_मावशी

वरचं सगळं बरोबर आहे पण राज्याराज्यात फरक पडतो म्हणून बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिते. आमच्याकडे सातवी-आठवीत अॅथलेटिक्स हा शाळेच्या वेळापत्रकातलाच एक तास असतो, मुलं सकाळी शाळा भरायच्या आधी येतात किंवा शेवटच्या तासाला जोडून प्रॅक्टिस करतात. ए टीम, बी टीम असं असतं त्यामुळे बऱ्याच जणींना खेळायला मिळतं. आणि अभ्यासाची काळजी करणाऱ्या पालकांसाठी, टेक्सासमध्ये १९८४ पासून कायदाच आहे, नो पास नो प्ले, एका जरी विषयात ७० च्या खाली गेलात की किमान तीन आठवडे मॅच खेळायच्या नाहीत. प्रॅक्टिस करता येते पण मॅचला बाकावर. इतर राज्यांतही ग्रेड चेक असतोच, नियम थोडे वेगळे. माझ्या मुलाचं गणित फुटबॉलच्या सीझनमध्येच सगळ्यात नीट असायचं कारण कोच दर आठवड्याला मार्क बघायचा.

मुलींसाठी इतक्या टीम आहेत याचं श्रेय मी नेहमी टायटल नाइनला देते. १९७२ चा कायदा, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला मुलींशी भेदभाव करता येत नाही. १९७१-७२ मध्ये अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या, आज तीस लाखांच्या वर आहेत. तेव्हा ताई, जे आहे ते हक्काने वापरा, लेकीला बिनधास्त पाठवा.

लालमातीवाला

मी कोल्हापूरचा, सध्या ओहायोत. कुणीच रेसलिंगचं नाव घेईना म्हणून लिहितोय. आपल्या भागातली पोरगी, चपळ, पायात ताकद, तिला हिवाळ्यात रेसलिंगला घाला राव. मुलींचं रेसलिंग इकडं झपाट्यानं वाढतंय आणि वजनगट असल्यामुळं बारकी पोरगीसुद्धा तिच्याच मापाच्या पोरीशी लढते. फक्त एवढं लक्षात ठेवा की इकडं शाळेत जी कुस्ती असते ती ऑलिंपिकवाली फ्रीस्टाईल नाही, फोकस्टाईल म्हणतात. त्यात वरच्यानं खालच्याला दाबून ठेवायला महत्त्व, आणि खालचा निसटला की त्याला एक गुण. निसटायला गुण मिळतो म्हटल्यावर संरक्षण खेळणारी पोरगी तिथं चमकणारच.

कानाला हेडगिअर लागतं, आणि प्रॅक्टिसवरून आल्या आल्या आंघोळ आणि कपडे रोज धुवायचे, कारण मॅटवरनं गजकर्ण फार पसरतं. स्पर्धेच्या आधी अंग तपासतात, चट्टा दिसला की खेळू देत नाहीत. आणि वजन कमी करायचं खूळ या वयात कुणाच्याही डोक्यात शिरू देऊ नका, कोच असू दे नाहीतर पोरगी. वाढीचं वय आहे, खाऊ दे, वरच्या गटात लढंल.

मैदानावरचा_मास्तर

ताई, मी सातारा जिल्ह्यात शाळेत क्रीडा शिक्षक आहे, चौदा आणि सतरा वर्षाखालच्या मुलींचा खो-खो संघ बरीच वर्षं घेतोय. अमेरिकेतल्या शाळेचा मला अनुभव नाही पण तुमची मुलगी काय घेऊन तिकडे आली आहे ते मी सांगू शकतो, कारण ती म्हणते माझा खेळच इथे नाही, आणि मला वाटतं तिच्या अंगात जे आहे ते तिला स्वतःलाच अजून माहीत नाही.

खो-खोत बसलेला खेळाडू काय करतो बघा. मागून पाठीला हात लागतो आणि खो ऐकू येतो, त्याआधी उठलात की फाऊल, आणि उठायला अर्धा सेकंद जास्त लागला तर पळणारी निघून गेली. म्हणजे उकिडवं बसून कानावर जीव ठेवायचा आणि आवाजासरशी बाण सुटावा तसं सुटायचं. हे आमच्या पोरी रोज शेकडो वेळा करतात. आता ४ बाय १०० रिले डोळ्यासमोर आणा. पुढची मुलगी मागे बघत नाही, मागून येणारी खुणेच्या रेषेवर आली की ती सुटते, मागून आवाज येतो तसा हात मागे करते आणि बॅटन हातात येतं, दोघींचा वेग कमी होता कामा नये. म्हणजे न बघता, मागून येणाऱ्या जोडीदारावर विश्वास ठेवून, आवाजावर वेग घ्यायचा. तिथे नव्या मुलींची हीच गोष्ट जमता जमत नाही, त्या मान वळवून बघतात किंवा थांबून घेतात. तुमच्या मुलीला हे शिकवावं लागणार नाही, फक्त हातात दांडा द्यायचा आहे. आमच्या शाळेत मी रिलेचा संघ कायम खो-खोच्या मुलींतूनच काढतो आणि तालुक्याला त्याचा फायदा दिसतो.

तिला शक्यतो पहिल्या किंवा तिसऱ्या टप्प्याला पळवायला सांगा, ते वळणावरचे टप्पे असतात आणि खांबाला वळसा घालून घालून आमच्या मुलींना वळणावर अंग आत झुकवून पळायची सवय झालेली असते. लांब उडी पण करून बघू दे.

व्हॉलीबॉलचं म्हणाल तर सूर मारणारी मुलगी मागच्या फळीत सोनं आहे, जमिनीलगत बॉल उचलायला इतर मुली अंग टाकायला घाबरतात. पण बॉलचा हात बसायला वेळ लागतो म्हणून पहिल्याच वर्षी ट्रायआउटवर सगळी आशा ठेवू नका. बास्केटबॉलमध्ये सुद्धा समोरच्याचे पाय आणि खांदे वाचून अडवणं हे काम ती पहिल्या दिवसापासून करेल. हुलकावणी देणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं, हे तिच्या सरांनी तिला नक्की सांगितलेलं असणार.

एक गोष्ट मात्र सांभाळा. आमच्या मुली मातीवर खेळतात, बऱ्याच अनवाणी, आणि खो-खोचं मैदान जेमतेम २७ मीटर लांब. थांबा, वळा, पळा, असा खेळ. एकदम दोन मैल एका दमात, बूट घालून, कडक रस्त्यावर पळायला लावलं तर पहिल्या पंधरवड्यात नडगी दुखायला लागते. आत्तापासून आठवड्यातून तीन-चारदा गवतावर हळूहळू पळायला सुरुवात करू दे, आधी पळणं-चालणं आलटूनपालटून, मग अंतर वाढवायचं.

आणि तिला सांगा, तिचा खेळ कुठे गेलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, मुली आणि मुलं दोन्हीकडे भारत जिंकला, आणि दोन्ही कर्णधार आपले महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. फायनलची क्षणचित्रं तिच्या नव्या कोचला दाखवा. कोच माणूस असेल तर पाच मिनिटांत ओळखेल ही मुलगी काय करू शकते.

कृष्णाकाठची

मास्तर, तुमची पोस्ट मी तिला वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली तिनं. मग बाहेर पार्किंगमध्ये बापाला उभं करून मागनं आवाज दिला की सुटायचं असं करत होती. खूप खूप आभार तुमचे.

रेनिअर दादा, फिजिकलसाठी उद्याच फोन करते. अजून दोन शंका, एक म्हणजे शाळा सुटल्यावर प्रॅक्टिस झाली की घरी कसं यायचं, माझ्याकडं अजून लायसन्स नाही. आणि दुसरं, तिकडं असताना एकदा गुडघा मुरगळला होता, आता बरा आहे पण सासूबाई फोनवर सारख्या म्हणतात मुलीच्या जातीला काय झालं तर. आणि हे डोक्याच्या माराचा फॉर्म वगैरे वाचून मलाच धास्ती वाटायला लागली.

फिजिओ_एडिसन

मी न्यू जर्सीत फिजिओथेरपिस्ट आहे, शाळकरी खेळाडू रोज बघते. ताई, तो फॉर्म घाबरवायला नाही, तो कसा आला ते ऐका. तुमच्याच राज्यात, मेपल व्हॅलीत, २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा ज्युनिअर हायची फुटबॉल मॅच खेळत होता. डोक्याला मार लागला, थोडा वेळ बाहेर बसला आणि त्याच मॅचमध्ये परत खेळला. मॅच संपल्यावर कोसळला, मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली, पुढे कित्येक वर्षं उपचार चालले. त्याच्या घरच्यांनी आणि डॉक्टरांनी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये वॉशिंग्टनने देशातला या प्रकारचा पहिला कायदा केला. संशय जरी आला तरी मूल ताबडतोब बाहेर, आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत मैदानात नाही. २०१४ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत असे कायदे झाले. म्हणजे तुम्ही सही करता तो कागद आज लाखो मुलांना वाचवतोय. तुमच्या बाजूने एकच काम, लेकीला सांगून ठेवा की डोकं दुखलं, गरगरलं, अंधारी आली तर लपवायचं नाही, मॅच कितीही महत्त्वाची असली तरी. मुलं लपवतात, हाच खरा धोका आहे. क्रॉस कंट्री आणि ट्रॅकमध्ये हा धोका तसाही फार कमी.

गुडघा: या वयातल्या मुलींमध्ये उडी मारून उतरताना आणि अचानक वळताना गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटला इजा व्हायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, सॉकर आणि बास्केटबॉलमध्ये विशेषतः. म्हणून खेळायचं सोडायचं नाही, मांडीचे, नितंबाचे, पोटाचे स्नायू मजबूत करायचे आणि उतरताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. वॉर्मअपमध्ये हे व्यायाम घेणारे कोच असतात, नसतील तर घरी दहा मिनिटं पुरतात. फिजिकलच्या वेळी जुनी दुखापत डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि एक जे आपल्या घरांत हमखास राहून जातं. वाढीचं वय, पाळी सुरू झालेली किंवा होणारी, शाकाहारी जेवण आणि त्यात लांब पळणं, अशा मुलींच्यात लोह कमी पडतं. दम लवकर लागतो, टायमिंग घसरतं, आणि सगळे म्हणतात मुलगी आळशी झाली. डॉक्टरांना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) पण तपासायचं का ते विचारा. गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. जेवणाचं म्हणाल तर शाळेतलं लंच अकरा-साडेअकराला होतं आणि प्रॅक्टिस तीनला, मधे पोटात काही नसतं, म्हणून दप्तरात केळं, शेंगदाण्याचा लाडू, गूळ-पोळीचा रोल असलं काहीतरी रोज द्या. शेंगदाण्याला शाळेत बंदी आहे का तेवढं आधी बघून घ्या, वर्गात कुणाला अॅलर्जी असते.

बे_एरियातला_बाबा

सगळे शाळेच्या टीमचं कौतुक करतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. ज्युनिअर हायचा सीझन सहा-आठ आठवडे, कोच म्हणजे बरेचदा इतिहासाचे नाहीतर विज्ञानाचे शिक्षक, टीममध्ये निम्मी मुलं मित्र आले म्हणून आलेली. पुढे हायस्कूलला व्हॉलीबॉल किंवा सॉकर खेळायचं असेल तर तिथल्या ट्रायआउटला शाळेबाहेरच्या, फी भरून खेळायच्या क्लबमधून आलेल्या मुली असतात आणि त्या वर्षभर खेळतात. ज्यांना खरंच पुढे जायचंय त्यांनी आत्ताच क्लब बघावा असं माझं मत. खर्च आहे, वर्षाला दोन-तीन हजार डॉलर सहज जातात आणि प्रवासाचा वेगळा, पण लेव्हल मिळते.

रेनिअरच्या_पायथ्याशी

@बे_एरियातला_बाबा व्हॉलीबॉल-सॉकरपुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण इथे प्रश्न वेगळा आहे हो. मुलगी सहा महिने झाले घरात गप्प बसली आहे. तिला आत्ता लेव्हल नको, तिला सोमवारी लॉकरपाशी कुणीतरी नावाने हाक मारायला हवी, ‘काल चांगली पळालीस’ म्हणायला हवं. क्लबची मुलं वेगवेगळ्या शाळांतून येतात, संध्याकाळी भेटतात आणि गाडीत बसून निघून जातात. शाळेची टीम दिवसभर एकाच छपराखाली असते, एकाच बसने मीटला जाते, येताना बसमध्ये गाणी म्हणते. आणि तो इतिहासाचा शिक्षक कोच असतो ना, तो वर्गात पण तिला बघत असतो, ती गप्प झाली तर त्याच्या लक्षात येतं. क्लब आठवीत नाहीतर नववीत पण लावता येईल. आणि पळण्याच्या खेळात तर क्लबशिवाय हायस्कूलच्या टीममध्ये जाणाऱ्या मुली भरपूर आहेत.

ताई, घरी यायचं म्हणाल तर बऱ्याच शाळांत अॅक्टिव्हिटी बस किंवा लेट बस असते, प्रॅक्टिस संपल्यावर निघते, पण रोज असेलच असं नाही आणि स्टॉप कमी असतात, ऑफिसला विचारा. नसेल तर पहिल्या पालक मीटिंगला जा, तिथेच दोन-तीन घरं मिळून कारपूल ठरतो. तुम्ही गाडी चालवत नाही तर सांगा की मी मीटच्या दिवशी फळं आणि पाणी आणते, इथे असं वाटून घेण्यात कुणाला काही वाटत नाही. आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे वणव्याचा धूर येतो, हवा खराब झाली की बाहेरची प्रॅक्टिस ऐनवेळी रद्द होते, त्यामुळे शाळेच्या मेसेजवर लक्ष ठेवा. पावसाने मात्र काही रद्द होत नाही, एक जास्तीची सॉक्सची जोडी रोज दप्तरात.

पळणारी_पोर

हाय, मी आता कॉलेजमध्ये आहे, सातवीपासून क्रॉस कंट्री पळते, आईने ही लिंक पाठवली म्हणून लिहितेय, मराठी टाइप करायला वेळ लागतो पण काकू तुमच्या मुलीसाठी लिहायचंच होतं.

पहिल्या दिवशी ती एकटी नसेल, नवीन सातवीवाल्या सगळ्याच घाबरलेल्या असतात. कोच साधारण वेगाप्रमाणे ग्रुप पाडतात आणि ज्या ग्रुपसोबत तुम्ही पळता त्याच मैत्रिणी होतात, कारण हळू पळताना बोलत पळायचं असतं, बोलता आलं नाही तर वेग जास्त आहे असं कोच सांगतात. तिचं इंग्लिश अडखळत असेल तरी चालतं, पळताना कुणी लांब वाक्यं बोलत नाही. माझ्या टीममध्ये एक मुलगी फारसं इंग्लिश येत नसताना आली होती आणि सीझन संपेपर्यंत ती सगळ्यात जास्त बोलायची.

सुरुवातीला स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घेऊ नका, साधे चांगले रनिंग शूज दुकानात जाऊन मापाने घ्या, पैसे त्यातच घाला. पहिली रेस ती खूप जोरात सुरू करेल, स्प्रिंट करणाऱ्या सगळ्या करतात, आणि अर्ध्यात दमेल. ते नॉर्मल आहे, तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे ती मनाला लावून घेणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मीटपासून स्वतःचंच टायमिंग कमी करायचं असतं, कोच प्रत्येकीचा पीआर, म्हणजे तिचं स्वतःचं सगळ्यात चांगलं टायमिंग, लिहून ठेवतात आणि शेवटून दुसरी आलेल्या मुलीने स्वतःचा पीआर मोडला तरी टीम ओरडते.

वसंतात ट्रॅकला नक्की जा. तिथे इव्हेंट खूप असतात, मीटला एका मुलीला साधारण तीन-चारच करता येतात, त्यामुळे १०० मीटर, लांब उडी आणि रिले असं तिने पहिल्याच आठवड्यात कोचला स्वतः जाऊन सांगावं, तुम्ही नका सांगू, कोचना मुलांनी स्वतः बोललेलं आवडतं. सरांनी वर जे खो आणि बॅटनचं लिहिलंय ते तिने कोचला करून दाखवावं, खरंच.

मीट बघायला याल तेव्हा सगळे पालक फिनिशला गर्दी करतात. तिथे आधीच खूप आवाज असतो. कोर्सचा नकाशा बघा आणि शेवटच्या चढावर जाऊन उभ्या राहा, तिथे कुणीच नसतं आणि पाय तिथेच जड होतात. तिकडे मराठीत ओरडा, बाकी सगळे इंग्लिशमध्ये ओरडत असतात त्यामुळे आपलं माणूस लगेच कळतं.